दोन कुलदैवतें, एक वाट

प्रवासवर्णन लिहिणारे बहुधा घराबाहेर पाऊल पडल्यापासून आरंभ करितात. माझ्या मतें प्रवासाचा खरा आरंभ त्याच्या कितीतरी आधीं, माजघरांत पंचांग आणि नकाशा शेजारीं शेजारीं उघडून आपण बसतों, त्या क्षणीं होतो. कोणत्या वाटेनें जावयाचें, रात्रीं कोठें थांबावयाचें, आणि कितीही मोह झाला तरी कोणत्या वेळेनंतर पुढें जावयाचें नाहीं, हें ज्यानें घरीं ठरविलें त्याचा अर्धा प्रवास तेथेंच पार पडला. उरलेला अर्धा म्हणजे घरीं ठरविलेलें रस्त्यावर पाळणें. तो अधिक अवघड असतो, हें आम्हां कुटुंबियांस गेल्या कार्तिकांत कळून आलें.

आमचें एकत्र कुटुंब गेलीं कांहीं वर्षें मुळशी तालुक्यांतील जांबे या गांवीं राहतें. हिंजवडी व मारुंजी यांच्या शेजारचें हें गांव. घराच्या पुढल्या अंगास अजून ऊस उभा असतो, आणि मागल्या अंगास उंच इमारतींचे दिवे रात्रभर जळत असतात. सकाळीं एकाच रस्त्यावरून दुधाच्या किटल्या, शाळेच्या गाड्या आणि कचेऱ्यांत जाणारीं हजारों माणसें जातात. येथें राहणाऱ्यास मोटारीच्या प्रवासाचा पहिला धडा घरापासून पाव कोसावरच मिळतो. तो असा, कीं अंतर कोसांत मोजूं नये, वेळेंत मोजावें.

आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला मधुमेह आहे, दोन्ही वेळां इन्शुलिन टोंचावें लागतें, आणि गुडघे जिन्याचें नांव काढूं देत नाहींत. आमचें कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर आणि कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हीच जोडी असेल. एक देव समुद्राच्या कांठीं, तर दुसरी देवता बालाघाटाच्या पठारावर, मराठवाड्यांत; मध्यें उभा सह्याद्रि आणि निम्मा महाराष्ट्र. वडील होते तेव्हां दोघांनीं मिळून एकदां तरी त्रिपुरी पौर्णिमेस व्याडेश्वरापुढें वाती लावावयाच्या व तसेंच योगेश्वरीच्या ओटीस जावयाचें, असें दरवर्षीं ठरत असे आणि दरवर्षीं राहून जात असे. वडील गेले, आणि ठरविण्याचें कामही बंद पडलें. गेल्या वर्षीं आईनेंच एके दिवशीं सहज म्हणावें तसें म्हटलें, “माझ्यानें आतां फार दिवस धीर धरवेल असें नाहीं. न्यावयाचें असेल तर एकदां न्या.”

न्यावें कसें हा प्रश्न होता. उपाहारगृहांतील जिने, परक्या ठिकाणचीं न्हाणीघरें, अवेळीं मिळणारें जेवण यांपैकीं एकही गोष्ट तिला मानवणारी नव्हती. तेव्हां आमच्या पुतणीनें एक नवा मार्ग सुचविला. ज्या गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात, तशी एक गाडी दहा दिवसांकरितां भाड्यानें घ्यावी. निजावयास बाक, लहानसा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टांकी, शीतकपाट आणि न्हाणीघर, असें सगळें बिऱ्हाड चाकांवर असतें. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरणच जाहीर केलें, तेव्हांपासून ही गोष्ट अगदींच अपूर्व राहिलेली नाहीं. आम्हीं तिचें नांव बिऱ्हाडगाडी ठेवलें. तींत बसावयाच्या जागा सहा आणि निजावयाच्या चार होत्या. म्हणजे रात्रीं दोघांनीं भक्तनिवासांत किंवा धर्मशाळेंत जावें, असें ठरलें. आई, थोरले बंधु म्हणजे आमचे दादा, वहिनी, त्यांची मुलगी, माझी पत्नी व मी, अशीं आम्ही सहा माणसें होतों. गाडी हांकणारीं दोघें, दादा आणि पुतणी.

येथें एक जुनी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत आम्ही आईला घेऊन साध्या मोटारीनें कोंकणांत निघालों होतों. ताम्हिणी आमच्याच तालुक्यांतला घाट, मोबाईलवरील नकाशा तीच वाट सर्वांत जवळची म्हणून दाखवीत होता, आणि ओळखीच्या घाटाची भीति कोणास वाटते? माणगांवास जेवावयाचें म्हणून आईनें वेळ साधून वाटेंतच इन्शुलिन टोंचून घेतलें. मुळशीचें धरण मागें पडलें, आणि पुढें इतकें धुकें दाटलें कीं गाडीच्या नाकापलीकडचें दिसेना. एका वळणावर दगडमाती रस्त्यावर आली होती. पुढें जातां येईना, मागें गाड्यांची रांग लागल्यामुळें परतही फिरतां येईना. तासावर तास गेले. औषध पोटांत गेलेलें आणि अन्न नाहीं, अशा स्थितींत आईची साखर उतरली. तिला दरदरून घाम फुटला व तिचें बोलणें अडखळूं लागलें. मागल्या टेंपोच्या चालकानें आपल्या जवळची गुळाची ढेप फोडून दिली, म्हणून त्या दिवशीं आम्ही वांचलों. घाट वाईट नव्हता, नकाशाही खोटा नव्हता. आम्हींच ऋतु, वेळ आणि बरोबरचें माणूस या तिहींचा हिशेब न करितां फक्त अंतराचा हिशेब केला होता.

त्या दिवसापासून वहिनींनीं एक वही घातली. प्रवासाचा प्रत्येक नियम तींत लिहावयाचा, व एकदां लिहिला कीं तो वाटेंत कोणीही मोडावयाचा नाहीं, असा ठराव झाला. यंदाचा मार्ग त्या वहींत आंखला गेला. तो कसा आंखला, हें थोडें विस्तारानें सांगतों. कारण वृद्ध माणसें व मुलें घेऊन निघणाऱ्या कोणत्याही कुटुंबास त्याचा उपयोग होईल.

पहिलें काम गाडी मोजण्याचें. मोटारींत बसून ज्या वाटा आपण नेहमीं तुडवितों, त्या मोठ्या गाडीच्या नसतात. दादांनीं एक बांबू घेऊन त्यावर गाडीच्या छताच्याही वरची, म्हणजे छतावर बसविलेल्या थंड हवेच्या यंत्रासकट, खरी उंची खुणेनें मांडली. आमच्या गांवांतून महामार्गास लागावयाचें तर महामार्गाखालचा भुयारी मार्ग लागतो. तेथें तो बांबू आधीं उभा करून पाहिला. असे भुयारी मार्ग, रेल्वेच्या पुलाखालच्या वाटा, गांवच्या कमानी आणि खालीं लोंबणाऱ्या विजेच्या तारा हे उंच गाडीचे खरे शत्रु होत. त्यानंतर वजनाचा विचार. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शंभर लिटरांची टांकी कांठोकांठ भरून घाट उतरणें म्हणजे दीड माणसाचें ओझें विनाकारण ब्रेकांवर टाकणें आहे. म्हणून वहींत नियम लिहिला, “घाट उतरतांना टांकी पाव, उतरल्यावर भरावी. गाडी चालू असतां गॅसचें नळकांडें बंद.”

दुसरें काम घाट निवडण्याचें. जांब्याहून गुहागरास जावयाचें तर सह्याद्रि कोठें तरी उतरावाच लागतो. ताम्हिणीनें माणगांव, भोरहून वरंध्यानें महाड, महाबळेश्वराहून आंबेनळीनें पोलादपूर, किंवा पाटणहून कुंभार्लीनें चिपळूण, असे चार पर्याय समोर होते. अंतरानें ताम्हिणी जवळची. पण ती उतरल्यावर महाड, पोलादपूर, कशेडी आणि परशुराम असा डोंगरांचा दुसरा फेरा उरतोच. वरंध्याचा घाट अरुंद, आणि पावसाळ्यांत जड वाहनांस अनेकदां बंद ठेवावा लागतो असा. आंबेनळीचें नांव निघतांच वहिनींनीं मान हालविली. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस त्याच घाटांत दरींत कोसळून सुमारें तीस माणसें गेलीं, ती बातमी आमच्यापैकीं कोणी विसरलेलें नव्हतें.

शेवटीं कुंभार्ली ठरली. ती लांबची खरी, परंतु गुहागर ते विजापूर या महामार्गावरचा तो घाट असून मालाच्या गाड्या व एस. टी. च्या मोठ्या गाड्या त्यानें नित्य जातात. हा आमच्या दादांचा जुना ठोकताळा आहे. ते म्हणतात, “जेथें एस. टी. ची लांब गाडी बारमाही वळते, तेथें आपलीही वळेल, जेथें एस. टी. जात नाहीं, तेथें नकाशा कांहींही म्हणो, आपण जाऊं नये.” १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, पहिली एस. टी. निघाली, तेव्हांपासून या राज्यांतील वळणांची व खांचखळग्यांची जी माहिती त्या चालकांच्या पिढ्यांनीं गोळा केली आहे, ती कोणत्याही छापील कागदावर नाहीं. आम्हीं निघण्यापूर्वीं चिपळूण मार्गावरील एका चालकास गांठून घाटांतील अवघड वळणें, गाडी बाजूला घेण्याजोग्या जागा आणि दुपारनंतरच्या रहदारीचा अंदाज विचारून घेतला. १८५७ सालीं वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानांत निघाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. त्या काळच्या प्रवाशास पुढील मुक्कामाची बातमी वाटेंत भेटणाऱ्या माणसाकडूनच काढावी लागे. आज यंत्र ती बातमी क्षणांत देतें. परंतु यंत्र गाडीची उंची विचारीत नाहीं, आणि आईच्या जेवणाची वेळ तर मुळींच विचारीत नाहीं.

तिसरें काम पंचांग पाहण्याचें. पंचांग हाही प्रवाशाचा नकाशाच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल पुरांत वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या त्याबरोबर गेल्या. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण पाण्याखालीं गेलें, व त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली. आषाढ-श्रावणांत म्हाताऱ्या माणसांस घेऊन घाट उतरूं नये, इतकें तरी या तारखा स्पष्ट सांगतात. कार्तिकांत पाऊस ओसरलेला असतो. पण त्या महिन्याच्या अडचणी निराळ्या. कार्तिकी एकादशीस पंढरपूर फुललेलें असतें व पौर्णिमेपर्यंत ती गर्दी ओसरत नाहीं. वद्य पक्षांत आळंदीची यात्रा भरते. शिवाय साखर कारखान्यांचे बॉयलर याच सुमारास पेटतात, आणि सातारा, कराड, पंढरपूर या साऱ्या पट्ट्यांत उसानें भरलेल्या ट्रॉल्या, कित्येक मागें दिवा नसलेल्या, रात्रभर रस्त्यांवर असतात. आमच्या कासारसाई-दारुंब्याच्या कारखान्यामुळें हें दृश्य आम्हांस घरबसल्या परिचयाचें आहे. म्हणून व्याडेश्वर आधीं, पंढरपुरावरून जाणें पौर्णिमेनंतर चार दिवसांनीं, आणि सूर्य मावळल्यावर गाडी हांकणें कोठेंही नाहीं, असा क्रम लागला.

वहींत प्रत्येक दिवसास एक पान दिलें. पानाच्या माथ्यावर मुक्कामाचें गांव, त्याखालीं पोंचण्याची वेळ, आणि ती वेळ चुकल्यास अलीकडे कोठें थांबावयाचें, तें दुसरें गांव. हें दुसरें गांव लिहिणें फार महत्त्वाचें. वाटेंत जवळचें मोठें रुग्णालय कोणतें तेंही तेथेंच लिहिलें होतें. कराड, चिपळूणजवळचें डेरवण, पंढरपूर, आणि अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, अशी ती मालिका होती. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत तीन आंकडे होते. संकटकाळीं ११२, रुग्णवाहिकेस १०८, आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीस १०३३. एका दिवसांत दोनशें किलोमीटरांहून अधिक जावयाचें नाहीं, आणि दुपारीं चार वाजल्यानंतर घाटांत शिरावयाचें नाहीं, हे दोन नियम पहिल्या पानावर लाल शाईनें लिहिले होते.

आतां कबूल करावें लागतें, कीं यांतील पहिला नियम आम्हीं पहिल्याच दिवशीं मोडला. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळीं आईस गुहागरांत पोंचवावयाचें होतें, आणि गाडी आदल्या दिवशीं मिळूं शकली नाहीं. म्हणून एकाच दिवसांत सुमारें तीनशें किलोमीटर जावयाचें ठरलें. पहाटे पांचला निघावें, बारापर्यंत कोयनानगर गांठावें, तेथें जेवून दोनच्या आंत घाट उतरावा, असा बेत होता. प्रत्यक्षांत बेसनाचे लाडू, आईच्या उशा, देवाच्या वाती, पाण्याचे पिंप अशी बांधाबांध होतां होतां आठ वाजले. आठ वाजतां आमच्या भागांतून महामार्गाकडे निघणें म्हणजे पुरांत होडी घालणें! कचेऱ्यांच्या रहदारींतून सुटण्यासच दीड तास गेला. कात्रज, खंबाटकी, सातारा मागें टाकून उंब्रज सोडलें तेव्हां दुपार टळली होती. उजवीकडे-डावीकडे ऊस, मध्यें ट्रॉल्या. मल्हारपेठ, पाटण गेलें. कोयनेचें खोरें हळूहळू अरुंद होऊं लागलें. डोंगरांनीं दोहों बाजूंनीं वाट धरली, आणि आम्ही कोयनानगरास पोंचलों तेव्हां घड्याळांत पावणेचार झाले होते.

कोयनानगर हें मोठें गंभीर ठिकाण आहे. येथें माणसानें नदी अडवून डोंगराच्या पोटांत वीज निर्माण केली, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानें या खोऱ्यांतील घरें जमीनदोस्त केलीं. त्या दिवशीं तेथें आभाळ भरून आलें होतें. कार्तिकांत न शोभणारा पाऊस झिमझिम पडूं लागला होता, आणि घाटमाथ्याच्या बाजूस ढग खालीं उतरले होते. चहाच्या टपरीवर एक मालवाहू गाडीचा चालक भेटला. घाटांत एक ट्रक बंद पडला असून गाड्या एकेरी सोडीत आहेत, एवढीच त्याची बातमी होती. “जाल तुम्ही, थोडा वेळ लागेल,” असें तो म्हणाला.

पुतणीनें मोबाईल पाहिला. “काका, चिपळूण एक तास वीस मिनिटें दाखवतोय. गुहागर साडेसहापर्यंत. आजीच्या वाती होतील.” ती चांगली गाडी हांकते, व तिचें म्हणणें अविचाराचें नव्हतें. दादा कांहीं बोलले नाहींत. ते बाहेर जाऊन चाकांस हात लावून पाहूं लागले. विचार करावयाचा असला म्हणजे ते असेंच करितात. मला स्वतःला विचाराल तर, मी जावें या मताचा होतों. आईनें सकाळपासून मांडीवर घेतलेला वातींचा डबा मला दिसत होता. ज्या एका संध्याकाळीसाठीं हा सगळा खटाटोप केला, ती संध्याकाळ तीन तासांवर होती.

वहिनींनीं वही उघडली. कांहीं न बोलतां त्यांनीं पहिलें पान आईपुढें धरलें. लाल शाईचा नियम, आणि त्या दिवसाच्या पानावरचें दुसरें गांव, पाटण. आईनें चष्मा लावून तें वाचलें. मग खिडकींतून ढगांकडे पाहिलें.

“हें कोणी लिहिलें?” तिनें विचारलें.

“आपण सगळ्यांनींच लिहिलें, आई,” वहिनी म्हणाल्या.

“मग मोडावयाचें कशाला? ताम्हिणींत मला ज्यानें गूळ दिला, तो प्रत्येक घाटांत थोडाच उभा असणार आहे. फिरवा गाडी.”

पुतणीनें एकदां “आजी, पण पौर्णिमा?” असें म्हणून पाहिलें. आईनें उत्तर दिलें नाहीं. गाडी फिरली. परतीच्या त्या तासाभरांत गाडींत कोणी बोललें नाहीं. आपण भित्रेपणा केला कीं शहाणपणा, हें प्रत्येक जण मनाशीं तपासून पाहत होता.

पाटणास पोंचतां पोंचतां पाऊस थांबला. एका देवळाच्या आवारांत गाडी उभी करण्यास पुजाऱ्यांनीं आनंदानें परवानगी दिली. ठरल्या वेळीं आईचें इन्शुलिन झालें, ठरल्या वेळीं गरम मुगाची खिचडी पानांत पडली. नऊच्या सुमारास ढग फाटले, आणि डोंगरावर त्रिपुरीचा चंद्र वर आला. आईनें डबा उघडला. देवळाच्या दीपमाळेच्या पायथ्याशीं तिनें वाती लावल्या. व्याडेश्वरासाठीं वळलेल्या त्या वाती दुसऱ्याच देवापुढें जळतांना पाहून माझ्या घशाशीं आलें. आई मात्र हात जोडून शांत उभी होती. बराच वेळ उभी होती. गुडघे दुखत असतां ती इतका वेळ उभी राहिलेली मीं पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातला आम्ही पुन्हां निघालों. घाटमाथ्यावर ऊन पडलें होतें. उतरतांना दादांनीं पुतणीस गाडी दिली व शेजारीं बसून फक्त एकच गोष्ट सांगितली. ज्या गिअरमध्यें हा घाट चढली असतीस, त्याच गिअरमध्यें उतर. गाडी इंजिनानें धरावी, ब्रेकानें नव्हे. लांब उतारावर पाय सारखा ब्रेकावर ठेवला कीं ते तापतात, करपल्याचा वास येतो, आणि मग ऐन वळणावर ते लागेनासे होतात. वर येणाऱ्या गाडीस आधीं वाट द्यावी, वळणाआधीं कर्णा वाजवावा, पाठीमागें घाई करणाऱ्यास जागा मिळतांच पुढें जाऊं द्यावें. तासाभरांत आम्ही पायथ्याशीं आलों. तेथील हॉटेलवाल्याकडून कळलें, कीं बंद पडलेला ट्रक रात्रीं उशिरां निघाला, आणि घाटांतली रांग दोन वाजतां मोकळी झाली.

या ठिकाणीं वाचकांस असें वाटेल, कीं आमचा निर्णय बरोबर ठरला. मला स्वतःला तसें म्हणवत नाहीं. कदाचित् आम्ही रांगेच्या पुढच्या भागांत असतों आणि सहा वाजतां सुखरूप उतरलों असतों. कदाचित् आईच्या वाती व्याडेश्वरापुढें लागल्या असत्या. चुकीच्या निर्णयाचा पुरावा दरींत पडलेला सर्वांस दिसतो; सावधपणाच्या निर्णयास पुरावा कधींच मिळत नाहीं. जें घडलें नाहीं तें कोणास दाखवितां येत नाहीं. म्हणूनच रस्त्यावरचे नियम घरीं, शांत चित्तानें, मोह समोर नसतांना लिहून ठेवावे लागतात. घाटमाथ्यावर उभें राहून जो विचार सुचतो, तो आपला नसून त्या दिवसाच्या हौसेचा असतो.

गुहागरचें वर्णन मी लांबवीत नाहीं. व्याडेश्वराच्या गाभाऱ्यांत आई पोंचली, अभिषेक झाला, आणि संध्याकाळीं सुरूच्या झाडांमागें समुद्र पाहत ती वडिलांविषयीं प्रथमच मोकळेपणानें बोलली. तेथील मुक्कामांत वेळणेश्वर व हेदवीचा दशभुज गणपति पाहिला. ते रस्ते अरुंद व एकदम खालीं जाणारे असल्यामुळें बिऱ्हाडगाडी तळावर ठेवून आम्ही गांवांतल्या रिक्षानें गेलों. मोठी गाडी घेऊन निघालेल्या माणसानें ही युक्ति ध्यानांत ठेवावी. बिऱ्हाड महामार्गाजवळ ठेवावें व शेवटचे चार कोस गांवच्या वाहनानें जावें.

परतीस कुंभार्ली चढून कराड, विटें करीत पंढरपूर, पुढें कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा, कळंब अशी आमची वाट होती. लाल मातीची काळी माती झाली, नारळांच्या जागीं ज्वारी आली, आणि आठव्या दिवशीं दुपारीं जयंती नदीच्या कांठचें योगेश्वरीचें शिखर दिसलें. निजामाच्या राज्यांत मोमिनाबाद म्हणून ओळखलें जाणारें हें अंबाजोगाई मराठी भाषेचें आद्य ठिकाण. विवेकसिंधु लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधि येथें आहे, दासोपंतांची येथेंच आहे.

ओटी भरून आम्ही मंडपांत टेंकलों, तेव्हां पुतणीनें आजीला सहज विचारलें, कोंकणांतल्या माणसांची देवी इतक्या लांब कशी? आईनें लहानपणीं ऐकलेली कथा सांगितली. योगेश्वरी ही मूळची कोंकणातली. परळीच्या वैद्यनाथाशीं तिचें लग्न ठरलें होतें. वऱ्हाड कोंकणांतून निघालें, घाट चढलें, इतकें सगळें देश ओलांडून या गांवापर्यंत आलें. आणि येथें मुहूर्ताची वेळ टळून गेली. परळी अवघ्या पांचसहा कोसांवर राहिली. वऱ्हाडाचे दगड झाले, आणि देवी कुमारिका म्हणून येथेंच राहिली.

कथा संपल्यावर आई थोडा वेळ गप्प राहिली. मग हंसून म्हणाली, “पाटणला त्या रात्रीं मी मनांत तिची क्षमा मागत होतें. आतां वाटतें, उगीच मागितली. जिचा स्वतःचा मुहूर्त वाटेंत टळला, ती मला एका दिवसाच्या उशिराबद्दल काय बोलणार?”

सोलापूर-पुणें महामार्गानें दहाव्या दिवशीं आम्ही जांब्यास परत आलों. गाडीच्या आंकड्यांत सुमारें अकराशें किलोमीटरांची भर पडली होती; टायरास एक खिळा लागला, एवढाच काय तो अपघात. भाड्याची गाडी परत करण्यापूर्वीं वहिनी वही आवरून ठेवूं लागल्या, तेव्हां पुतणीनें ती मागून घेतली. लाल शाईच्या नियमांखालीं तिनें आपल्या अक्षरांत आणखी एक नियम लिहिला, “बांधाबांध आदल्या रात्रीं संपवावी, पहाटे पांच म्हणजे पांच.” आणि त्या खालीं, जरा लहान अक्षरांत, “दुसरें गांव लिहिल्याशिवाय निघूं नये.”